एका दमाची सनई

माझी धाकटी बहीण लिलाबाई भूगावला दिली त्या साली, म्हणजे एकोणीसशे चोपन्न साली, सावळ्या आमच्याकडे सनई शिकायला आला. लग्नामुळे साल पक्कं ध्यानात आहे. एरवी त्या काळातलं ध्यानात ठेवावं असं आमच्या गावात फार काही घडत नव्हतं, आणि जे घडत होतं ते गाव लगेच फुगवून सांगत असे.

फुगवून सांगण्याच्या गोष्टींत पहिला मान माझ्या चुलतभावाचा, कुशाबाचा. भैरवनाथाच्या पालखीपुढे वाजवण्याचा हक्क आमच्या घराण्याकडे होता. पुढची सनई कुशाबाची, मागची माझी. मागच्या सनईला आम्ही नुसता सूर म्हणतो. तिच्यावर चाल वाजत नाही. एकच स्वर धरून उभं राहायचं, पालखी निघाल्यापासून देवळात पोचेपर्यंत. मी पंधरा वर्षं असा उभा होतो. त्यासाठी गालात वारा साठवायचा, गाल आवळून तो सनईत सोडायचा, आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घ्यायचा. म्हशीला रवंथ जमतो तसं मला ते जमलं होतं. त्यात मोठेपणा काही नाही, आणि कुणी मला तो दिलाही नाही.

मोठेपणा सगळा कुशाबाचा. बावधनपासून घोटावड्यापर्यंत बोलवा होती की त्याला वाजवताना श्वास घ्यावा लागत नाही. वेशीतून पालखी उचलली की देवळाची शेवटची पायरी येईपर्यंत एका दमात वाजवतो. याहून खुळी फुशारकी मी ऐकलेली नाही. माणसाला नाक दिलंय ते श्वास घ्यायलाच. चाल वाजवणाऱ्याने ओळीच्या शेवटी दम खाल्ला तर देव काही पालखीतून उठून जात नाही. पण कधीतरी कुणी पाहुणा कौतुकाच्या भरात तसं बोलून गेला, कुशाबाने ते बोलणं खाली पडू दिलं नाही, आणि मग जन्मभर ते डोक्यावर घेऊन हिंडणं त्याच्या नशिबी आलं.

खरं काय ते मला ठाऊक होतं. ओळ संपत आली की कुशाबा मान वळवून संबळवाल्या देवूकडे बघायचा, जणू त्याला दाद देतोय. त्याच वेळी तो मला कोपर मारायचा. कोपर बसलं की मी सूर मोठा करायचा, आणि त्या मोठ्या सुराच्या आडोशाला तो तोंड उघडून वारा ओढून घ्यायचा. एका पालखीत चाळीस-पन्नास वेळा. जत्रा झाली की माझ्या बरगड्या आठ दिवस ठणकायच्या. बायको रत्नाबाई हळद लावायची आणि म्हणायची, पालखी देवाची आणि मार तुम्हाला कसा. मी तिलाही सांगितलं नाही. एवढं मोठं गुपित आपल्या एकट्याच्या कुडीत आहे, याचं मला चोरटं सुख होतं. मूर्ख माणसाला सुखाला काहीही पुरतं.

एवढ्यावर थांबला असता तरी ठीक. पण कुशाबा शिकवायचाही. ओसरीवर घोंगडी टाकून, मोठं पागोटं बांधून बसायचा. शिकायला येणारे सगळे परगावचे असत. आमच्या गावचा एकही कधी आला नाही, आणि तसं का हे मला तेव्हा सुचलं नाही. शिकणाऱ्याला पहिलं वर्षभर सनई मिळायची नाही. त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या आणि बोरूची नळी ठेवायची. नळीतून पाण्यात फुंकायचं. बुडबुडा तुटता कामा नये. तुटला की वेताची छडी मांडीवर. कुशाबाच्या बापाने त्याला तसंच शिकवलं होतं. ते त्याला जमलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. छडी मात्र जमली होती. "छाती हाय का कोंबड्याचं खुराडं?" असं तो विचारायचा. आठ जण आले, आठही वर्षाच्या आत पळाले, आणि त्याने कुशाबाचं नाव आणखी वाढलं. इतकी अवघड विद्या आहे म्हणे.

नववा सावळ्या. डोंगरावरच्या वाडीतला, तेव्हा पंचविशीतला, बायको-पोर असलेला गडी. लिलाबाईच्या लग्नाला पत्रावळ्यांचा भारा घेऊन उतरला होता. मांडवात कुशाबा वाजवत होता, आणि हा भारा डोक्यावर तसाच धरून उभा. पंगत खोळंबली. आचारी ओरडला तेव्हा त्याने भारा टाकला आणि शेजारच्या माणसाला विचारलं की हे दम कधी घेतात. शेजारचा आमच्या गावचा. त्याने छाती काढून सांगितलं, "घेतच न्हाईत." सावळ्याने ते खरं मानलं. डोंगरातल्या माणसांची हीच खोड, सांगितलेलं खरं मानतात.

आठवड्यातून दोनदा तो डोंगर उतरायचा. येताना कधी मध, कधी करवंदं, कधी हिरडे घेऊन यायचा. कुशाबाची वैरण आणायचा, गोठा साफ करायचा, मग तांब्यापुढे बसायचा. पावा तो लहानपणापासून वाजवत होता, बोटं तयार होती. कुशाबाला वाटलं, हाही पावसाळ्यापर्यंत पळेल. पळाला नाही. वर्षभरात त्याचा बुडबुडा तुटायचा थांबला. छडीला काम उरलं नाही तेव्हा कुशाबाने नाइलाजाने त्याच्या हातात सनई दिली, पण सूर धरायला मला सावळ्यासमोर बसवून स्वतः त्याच्याकडे पाठ करून बसायचा. म्हणायचा, बोटं बघून विद्या येत नाही, कानाने घे. खरी गोष्ट अशी की दम घेताना तोंड दिसू नये.

चौथ्या वर्षी माघात सावळ्याने आमच्या अंगणात पालखीची अख्खी चाल या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवली. मी सूर धरला होता. तो एकदाही थांबला नाही. बोटं चालू, गाल चालू, नाक चालू. कुशाबाची बायको तुळजाबाई, माझी वहिनी, हातातलं सूप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "ह्यो तर खराच वाजवतोय की." कुशाबाने तिला आत जायला सांगितलं. त्याच वेळी हैबतराव पाटील रस्त्याने चालले होते. ते आत आले, परत एकदा वाजवायला लावलं, आणि उठताना म्हणाले की यंदा चैत्रात पालखी ह्याच्याकडून चढवून घ्यायची.

पालखी चढवणं म्हणजे काय ते सांगतो. आमच्या घराण्याचा तो नेम होता. शिकलेल्या माणसाने गुरूच्या सनईवर वेशीपासून देवळापर्यंत पालखी न्यायची. गुरू मोकळ्या हाताने बरोबर चालायचा. सूर न तुटता शेवटची पायरी चढला तर तो देवाचा वाजंत्री, आणि गुरूच्या मागे तो हक्क त्याचा. मध्ये सूर तुटला तर पुढे बारा वर्षं त्याने सनईला हात लावायचा नाही. तोडणारा पुढचा असो वा मागचा, दोष पुढच्याचा. आणि सनईवाचून पालखी हलत नाही, म्हणून तुटल्या जागेपासून गुरूने सनई हातात घेऊन देवाला पोचवायचं.

गावात थोडी कुजबुज झाली की डोंगरातला माणूस देवापुढे कसा. पाटील म्हणाले, देवाला कान आहेत, कुळी बघायला गाव आहेच. सावळ्याने त्या दिवसापासून अंगावरची सगळी कामं सोडली. त्याची बायको मजुरीला एकटी जाऊ लागली. तो सकाळ-संध्याकाळ कड्यावर बसून वाजवायचा आणि वारा खाली असला की आम्हाला ऐकू यायचं. कुशाबाला ते ऐकू आलं की तो आत जाऊन बसायचा.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी कुशाबा आंब्याखाली सनईची तोंडात धरायची पत्ती घासत बसला होता. मला हाक मारून जवळ बसवलं.

"कोंडिबा, उद्या पायऱ्यांवर सूर सोड."

"सोडू म्हंजे?"

"सोड म्हंजे सोड. खोकला आला म्हण."

"आन् मग?"

"मग म्या हाय."

त्याने पत्तीवर फुंकर मारली आणि म्हणाला की पुढच्या साली पालखी तुझी, पंधरा वर्षं मागं उभा आहेस, मला दिसत नाही असं समजू नकोस.

आता मी धुतल्या तांदळाचा आहे असं लिहायला बसलेलो नाही. सावळ्याने माझं काही वाकडं केलं नव्हतं. पण पंधरा वर्षांत मला कुणी कधी पुढची सनई धर म्हणालं नाही, आणि चार वर्षांत हा पत्रावळ्यावाला पुढे आला. ते मला सलत होतं. मी हो म्हणालो. फारसा विचारही करावा लागला नाही.

सकाळी आठला पालखी उठली. भोई आठ, पुढे सावळ्या, त्याच्या एका बाजूला देवूचा संबळ, लगेच मागे मी, आणि दुसऱ्या बाजूने कुशाबा, जरीचं उपरणं घेऊन. सावळ्याने धोतर स्वच्छ धुतलेलं होतं. त्याची बायको पोराला घेऊन वेशीपाशी उभी होती. तो तिच्याकडे बघून हसला नाही की काही नाही; सनई तोंडाला लावली आणि सुरू झाला.

ती चाल मी पंधरा वर्षं ऐकत होतो. त्या सकाळी कळलं की मी ती ऐकलीच नव्हती. कुशाबा दर ओळीला दम खायचा, म्हणून त्याने ओळी तोडून आखूड केल्या होत्या. चांगलं लुगडं फाडून फडकी करावीत तशी ती चाल झाली होती. सावळ्याच्या सनईत एक ओळ दुसरीत जात होती, दुसरी तिसरीत. कुशाबा जिथे थांबायचा तिथेच खरं तर चाल वर चढत होती. म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या त्या बोलायच्या थांबल्या. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बोलायच्या थांबल्या, याहून जास्त मी काय सांगू.

देवळाला एकवीस पायऱ्या. सातव्या पायरीवर मी खोकलो आणि सनई तोंडातून काढली.

सावळ्याने मागे वळून पाहिलं, पण वाजवणं सोडलं नाही. सुराशिवाय एक पूर्ण ओळ त्याने नेली. मग कुशाबाने हात वर केला. "सूर तुटला," म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सावळ्या थांबला. कुशाबाने त्याच्या हातातून सनई घेतली, उपरणं खांद्यावर सारखं केलं, एकदा लोकांकडे पाहिलं आणि वाजवायला लागला. पहिली ओळ झकास गेली. ओळ संपत आली तशी त्याची मान देवूकडे वळली आणि कोपर माझ्या बरगडीत बसलं.

मी हललो नाही. सनई माझ्या हातात खाली होती. सोड म्हणाला होता, परत धर म्हणाला नव्हता. हे मी आधीपासून ठरवलं होतं असं नाही. कोपर बसलं तेव्हाच मला कळलं की ह्याने पंधरा वर्षांत सुराशिवाय एक ओळसुद्धा वाजवलेली नाही, आणि आपलीच फांदी आपण तोडून घेतली आहे हे त्याच्या अजून ध्यानात आलेलं नाही. त्याने दुसरं कोपर मारलं, जोराने. मी पायरीकडे बघत उभा राहिलो.

त्याने दम रोखून धरला. दुसरी ओळ तशीच ओढली, चेहरा जांभळा झाला, पागोटं थरथरायला लागलं. तिसरी ओळ अर्ध्यावर तुटली आणि कोरड्या विहिरीवर रहाट ओढावा तसा श्वासाचा आवाज त्याच्या तोंडातून निघाला. पालखीच्या गोंड्यांचा आवाज येत होता, इतकी शांतता. त्याने पुन्हा सनई लावली, पुन्हा अर्ध्यावर तुटली. भोयांच्या खांद्यावर वजन, वर ऊन.

"अवं, घ्या की दम," तुळजावहिनी खालच्या पायरीवरून म्हणाली. "मराल हितंच. कोन काय खातंय का तुमाला?"

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. पाटलांनी हात करून हसणं थांबवलं आणि कुशाबाला म्हणाले, अगदी प्रेमाने, "कुशाबा, घे रं दम. आमाला काय ठावं न्हाई व्हय? पोरं पारावर कुशाबा-कुशाबा खेळत्यात. एक सूर धरतंय, दुसरं मान फिरवून त्वांड उघडतंय."

पंधरा वर्षं मी जे पोटात घेऊन हिंडत होतो ते पारावरची शेंबडी पोरं खेळत होती. माझी स्वतःची पोरगी कमळ बायकांत उभी होती, तिने खाली मान घातली. म्हणजे तीही खेळली असणार. सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणूनच आमच्या गावचा कुणी शिकायला येत नव्हता. परगावात मात्र हीच माणसं छाती काढून सांगत होती की आमच्या कुशाबाला श्वास लागत नाही. त्यांचं काय जात होतं? छड्या परगावच्यांच्या मांडीवर.

सावळ्या पायरीवर तसाच उभा होता. त्याने पाटलांना विचारलं, "समद्यास्नी ठावं हुतं?"

पाटील म्हणाले, अरे मोठ्या माणसाचं उघड काय बोलायचं, चालायचंच.

"मला न्हवतं," सावळ्या म्हणाला.

तोंडात गूळ असल्यासारखे सगळे. शेवटी पाटील म्हणाले की सूर तू तोडलेला नाहीस, नेम राहू दे बाजूला, भोई दमलेत, तू देवाला वर ने. कुशाबाने सनई पुढे केली. मी सूर धरला, कुणी न सांगता.

उरलेल्या चौदा पायऱ्या सावळ्याने वाजवल्या, पण कुशाबासारख्या. प्रत्येक ओळ आखूड तोडून, ओळीच्या शेवटी सनई तोंडापासून चार बोटं दूर घेऊन, सगळ्यांना दिसेल असा श्वास घेऊन. मधली चढण सगळी गाळून टाकली. मला ते मारल्यासारखं लागलं. गावाला काही फरक कळला नाही. वर पोचल्यावर लोकांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, झकास, अगदी गुरूचा हात. याच कानांना ऐकवायला तो चार वर्षं डोंगर उतरला होता.

पाटलांनी नारळ देऊन सांगितलं की आजपासून देवाची सनई तुझी. सावळ्याने नारळ देवापुढे ठेवला. सनई धोतराच्या सोग्याने पुसली आणि ती घेऊन माझ्याकडे आला.

"खोकला आला," मी म्हणालो.

"व्हय." तो माझ्याकडे बघत राहिला. "कोंडिबादादा, ते तर पाट करून बसायचे. म्या तुमच्या गालाकडं बघून शिकलो. चार वरसं. तुमाला सांगनार हुतो आज, वर आल्यावर."

सनई माझ्या हातात देऊन तो उतरला. वेशीपाशी बायकोच्या कडेवरचं पोर घेतलं आणि डोंगराच्या वाटेला लागला. त्यानंतर तो आमच्या गावात आला नाही. लिलाबाईच्या नवऱ्याने पुढे सांगितलं की शहरात एका लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो, लोक उभं राहून ऐकतात. पाटलांनी दोनदा बोलावणं धाडलं. दोन्ही वेळा निरोप आला की लग्नसराई आहे, सवड नाही. एकदा निरोप आला तो श्रावणात.

पालखी मला मिळाली. हवी होती ती मिळाली. दम मला हवा तेवढा होता, पण त्या दमात भरायला काही नव्हतं. एका स्वरावर पंधरा वर्षं घालवलेल्या माणसाच्या बोटांत चाल येत नाही. मी ती कशीबशी वाजवायचो आणि गाव म्हणायचं, झकास.

कुशाबाने पुन्हा सनईला हात लावला नाही. माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही, जणू मी त्याचं ऐकलं नव्हतं. मग एका उन्हाळ्यात, मी पावसाआधी त्याच्या गोठ्यावर पेंढा चढवत असताना, खालून आपणहून बोलला. "आमचा बा म्हनायचा, बोटं चालवत बी दम घेता येतुया. मला काय ते जमलं न्हाई. मला वाटलं, बा खोटं बोलतुया. म्हून म्या बी बोललो."

मी विचारलं, मग आठ माणसांना तांब्यापुढे कशाला बसवलंस.

"न्हाईतर काय शिकवू?" तो म्हणाला. त्याला खरंच दुसरं काही सुचलं नसावं.

पुढच्या वर्षी गावाने शाळेत त्याचा सत्कार केला. गुरुजींनी फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं की एका दमात पालखी नेणारे सनईवादक. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, शेजारच्याने वाचून दाखवलं. त्या सातव्या पायरीवर हसलेली सगळी माणसं तिथे बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. कुशाबा पागोटं बांधून खुर्चीवर बसला होता. प्रत्येक टाळीला त्याने मान डोलावली. धाप लागल्यामुळे आभाराचे दोन शब्द त्याला बोलता आले नाहीत, ते पाटलांनी बोलून टाकले.

कुशाबा एकोणीसशे चौसष्ट साली भाद्रपदात, गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, दम्याने वारला.